दाताच्या दवाखान्यात पेशंटला न विचारता जास्तीचे दात उघडले तर? (सांगली)

कृष्णाकाठची

नमस्कार. सांगली, मिरज, सातारा भागातल्या लोकांकडून माहिती हवी आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या आत्यांची (सासूबाई, वय ६४, तासगाव तालुक्यात असतात) खालची उजवी दाढ ठणकायला लागली, म्हणून त्यांना सांगलीत एका दवाखान्यात नेलं. नाव लिहीत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, एका दाढेचं रूट कॅनॉल करावं लागेल म्हणाले, रक्कम तोंडी सांगितली. आम्ही हो म्हटलं. मला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं आत बोलावलं तेव्हा कळलं की त्या दाढेच्या पुढच्या आणि मागच्या दातालाही हात घातलाय, दोन्ही कोरून उघडून झालेत. "कीड होतीच, एकाच भुलीत तिन्ही उरकले, तुमचीच फेरी वाचली." आत्यांच्या तोंडात कापसाचे बोळे, अर्धा जबडा बधिर, काही विचारायचं म्हटलं तरी शब्द फुटत नव्हता. बिल सांगितलं तिप्पट.

दुसरीकडे दाखवावं म्हणून एक्स-रे मागितला, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ते सिस्टीममध्ये असतात, पेशंटला देत नाही."

पैसे तर गेलेच, पण मला जास्त झोंबलं ते हे की दात ज्यांचे, त्यांना कुणी विचारलंच नाही. आत्या म्हणतात, "डॉक्टरला आपल्यापेक्षा जास्त कळतं, गप बस." मला गप बसवत नाही. असं करणं नियमात बसतं का? एक्स-रे आमचा की त्यांचा? आणि आता अर्धवट उघडलेल्या दातांचं काय करायचं?


मिरज पॅसेंजर

पावती घेतली का? पैसे रोख दिले असले तरी पावती मागाच. तीच नसेल तर पुढचं सगळं अवघड होतं.


दंतवैद्य कराड

कृष्णाकाठची ताई, मी स्वतः दंतवैद्य आहे. कराडजवळ प्रॅक्टिस करतो. आधी तातडीचं सांगतो, कायद्याचं नंतर.

उघडलेले दात तसेच सोडू नका. वर घातलेलं तात्पुरतं सिमेंट काही आठवडेच टिकतं, मग झिरपायला लागतं आणि आत पुन्हा जंतू शिरतात. त्या दवाखान्यावरचा विश्वास उडाला असेल तर दुसरीकडे पुरं करा, पण पुरं करा. जाताना कोणत्या दातात नेमकं काय केलंय ते लिहून घ्या. दातांना नंबर असतात. खालच्या उजव्या बाजूच्या दातांचा नंबर ४ नं सुरू होतो आणि पुढचा आकडा समोरच्या मध्यापासून मोजतात. म्हणजे ४६ ही खालची उजवी पहिली मोठी दाढ, तिच्या पुढची ४५, मागची ४७. "उजवीकडच्या तीन दाढा" असं मोघम लिहिलेलं नको. नंबरासकट हवं.

आता दुखणं. दातात कीड असणं आणि रूट कॅनॉलची गरज असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाताच्या पोटात नसा-रक्तवाहिन्यांचा गाभा असतो, त्याला आम्ही पल्प म्हणतो. कीड त्याच्यापासून लांब असेल तर ती कोरून सिमेंट भरलं की काम भागतं. ती गाभ्यापर्यंत पोचली असेल, रात्री आपोआप ठणका लागत असेल, गार लागल्यावरची कळ बराच वेळ थांबत नसेल, दातावर ठोकल्यावर दुखत असेल किंवा एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसत असेल, तर रूट कॅनॉलचा विचार होतो. हे प्रत्येक दाताचं वेगळं तपासावं लागतं. शेजारच्या दाढेला लागतंय म्हणून हिलाही, असा हिशेब नसतो. आणि रूट कॅनॉलमध्ये हा गाभाच काढतात, एकदा काढला की तो परत घालता येत नाही. म्हणूनच आधी विचारायचं असतं.

नियमांचं सांगतो. डेंटल कौन्सिलची दंतवैद्यांसाठी आचारसंहिता आहे, २०१४ ची सुधारित. तिच्यात पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं सांभाळायला सांगितलंय आणि रीतसर मागणी आल्यावर ७२ तासांत द्यायला सांगितलंय. सिस्टीममध्ये आहे म्हणून देत नाही, हे उत्तर होऊ शकत नाही. उलट डिजिटल एक्स-रे पेन ड्राइव्हवर किंवा मेलवर द्यायला मिनिटही लागत नाही. तोंडी मागू नका. साध्या कागदावर अर्ज करा, पेशंटची सही घ्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

न विचारता केलेल्या उपचाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा निकाल आहे, समीरा कोहली खटल्यातला. एका बाईंना तपासणीसाठी भूल दिली होती आणि त्याच भुलीत गर्भाशय काढून टाकलं होतं. न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की एका गोष्टीची संमती म्हणजे दुसरीची संमती नव्हे. जीव किंवा प्रकृती वाचवायला तिथल्या तिथे करणं भागच असेल आणि थांबणं शक्य नसेल, तेवढाच अपवाद. शेजारच्या दातातली कीड त्यात बसत नाही. खुर्ची थांबवून बाहेरच्या नातेवाइकाला आत बोलवायला आणि पेशंटला मान हलवून सांगू द्यायला दोन मिनिटं पुरतात.


दवाखान्याची दुसरी बाजू

माझे मिस्टर डेंटिस्ट आहेत, म्हणून लिहितेय. वरचा प्रकार चूकच आहे, पण सगळ्या डॉक्टरांना एका माळेत ओवू नका. आमच्याकडे रोज काय चालतं ते बघा. दाढ ठणकते तेव्हा पेशंट हात जोडतो. पहिल्या सिटिंगला ठणका थांबला की गायब. सहा-आठ महिन्यांनी येतो, दात दुभंगलेला असतो आणि म्हणतो "तुम्ही केलं तेव्हापासनं बिघडला." दातावर बसवायच्या कॅपचा दर सांगितला की "शेजारचे निम्म्यात करतात." जागेचं भाडं, निर्जंतुकीकरणाचं मशीन, ग्लोव्हज, सुया, लॅबचं बिल, जैविक कचरा उचलणाऱ्यांचे पैसे, हे कुणाला दिसत नाही. शिवाय संमतीचा फॉर्म दिला तर कुणी वाचत नाही. "कुठं सही करू तेवढं सांगा" म्हणतात.


कृष्णाकाठची

वहिनी, तुमचं म्हणणं पटतं. पण आम्ही पळालो नव्हतो आणि घासाघीसही केली नव्हती. आम्हाला फॉर्म दिलाच नव्हता.


दंतवैद्य कराड

वहिनी, मधूनच सोडून जाणाऱ्या पेशंटचा त्रास मलाही आहे. रूट कॅनॉल झालेली दाढ ठिसूळ होते, तिच्यावर कॅप बसवली नाही तर ऊस खाताना उभी चिरते. हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि कार्डावर लिहून दिलं की मधूनच सोडून जाणारे कमी होतात, असा माझा अनुभव. फॉर्मबद्दल मात्र मी ठाम आहे. नाव, दात, उपचार सगळं कोरं ठेवून घेतलेली सही म्हणजे संमती नाही. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत इंग्रजी छापील फॉर्म असतात. आटपाडीहून आलेल्या म्हाताऱ्या माणसानं त्यावर अंगठा उठवला तर त्याला काय समजलं? मराठीत, त्याच्या बोलीत, काय करणार, का करणार, न केल्यास काय होईल, दुसरा पर्याय कोणता आणि खर्च किती एवढं बोलायचं आणि मग सही घ्यायची. दात काढून टाकणं हाही पर्याय असतो, तोसुद्धा सांगायला हवा.

खर्चाचा अंदाज लिहून मागण्यात पेशंटनं संकोच करू नये. मला कुणी मागितला तर राग येत नाही.


सिरॅमिकवाला

मी डेंटल लॅबमध्ये काम करतो, कॅप बनवतो. विषय निघालाच आहे तर सांगतो, पुढच्या टप्प्यावर फसू नका.

कॅप मुख्यतः दोन प्रकारच्या चालतात. एकीत आत धातूची टोपी आणि वर सिरॅमिक, दुसरी पूर्ण झिर्कोनियाची, म्हणजे धातू नसलेल्या कडक सिरॅमिकची. दरात बराच फरक असतो. तोंडात बसल्यावर दोन्ही पांढऱ्याच दिसतात, त्यामुळे झिर्कोनियाचे पैसे घेऊन धातूवाली बसवली तरी पेशंटला पत्ता लागत नाही. बऱ्याच वर्षांनी हिरडी खाली सरकली की काठाशी करडी रेघ दिसते, तेव्हा शंका येते.

सिमेंटनं पक्की करायच्या आधी डॉक्टर कॅप लावून बघतात. त्या वेळी हातात मागा आणि आतल्या बाजूनं बघा. आत राखाडी चकाकी दिसली तर धातू आहे. झिर्कोनिया आतूनही पांढरीच असते. चांगल्या कंपनीच्या झिर्कोनियाला वॉरंटी कार्ड येतं, त्यावर नंबर असतो. लॅब ते डॉक्टरकडे पाठवते, तिथून पुढे ते पेशंटच्या हातात पडायला पाहिजे. कार्ड मागणारा पेशंट आला की आमच्यावरही दबाव येतो आणि तो यायलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आम्ही ज्या कॅपवर तासन्‌तास बसतो तिच्या जागी भलतीच गेली तर आमचंही नाव खराब होतं.


जतचा शेतकरी

तुमी निदान डॉक्टरकडं तरी गेलासा. आमच्या थोरल्या चुलत्याचं सांगतो. बाजारच्या दिवशी एक माणूस पेटी घिऊन बसायचा. समोरचं दोन दात पडल्यालं, त्यानं तिथंच बसल्या बसल्या बसवून दिलं. शेजारच्या दातांना गुलाबी मसाला चिकटवला आन्‌ झालं. वरनं झ्याक दिसायचं. थोड्या दिसांनी हिरडी सुजली, वास याय लागला आन्‌ शेजारचं धडधाकट दातबी हलाय लागलं. शेवटी पार सांगली गाठली तवा कळलं की तो मसाला हिरडीत रुतलाय, खाली साफसफाईच न्हाई. चार दात काढावं लागलं.

दुसरं सांगतो. गावात फुकट दात तपासणीचं शिबिर आलं. पांढरा कोट घातलेली पोरं आली. शंभरभर लोकांना तपासलं आन्‌ जवळजवळ सगळ्यांच्या चिठ्ठीवर "पाच दातांना कीड, दवाखान्यात यावे" असं एकसारखं लिहिल्यालं. खाली दवाखान्याचा पत्ता. आता ह्येला शिबिर म्हणायचं का गिऱ्हाईक गोळा करणं?

ज्येला खरंच परवडत न्हाई त्यानं कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेजात जावं, न्हाईतर सांगलीत भारती विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजात. शिकणारी पोरं करत्यात, वेळ जातो, पर वर सर उभं असत्यात.


दंतवैद्य कराड

पेटी घेऊन बसणाऱ्यांबद्दल: कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला हा व्यवसाय करताच येत नाही. आणि नोंदणी असलेल्यानं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवर दाखवायचा असतो. तो बघा. नसेल तर विचारा.

शिबिरं चांगली असतात, आम्हीही घेतो. पण पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं किंवा घेणं आचारसंहितेत बसत नाही. मग तो एजंट असो, एक्स-रे सेंटर असो की दुसरा डॉक्टर. आपल्या भागात हे उघड्यावर चालतं आणि एकाच गावात राहायचं म्हणून त्यावर कुणी बोलत नाही. मला याची चीड येते. पाकिटाचा खर्च शेवटी पेशंटच्या बिलातच निघतो.

कॉलेजच्या ओपीडीबद्दल एक जोडतो. तिथंही तुम्हाला सांगितलं पाहिजे की उपचार विद्यार्थी करणार आहे, आणि देखरेख कोणाची हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.


राजवाडा सातारा

आम्ही ग्राहक आयोगात गेलो होतो, म्हणून लिहितो. आईच्या इम्प्लांटचं प्रकरण होतं. पैसे आगाऊ घेतले, स्क्रू बसवला, तो सैल झाला. नंतर फोन उचलणं बंद.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असं ठरवलं. आता २०१९ चा कायदा आहे. सगळ्यात सोयीचं हे की तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दवाखाना पुण्यात असला तरी साताऱ्यात दाखल करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत मात्र २ वर्षांची, ती चुकवू नका.

पण एक नीट समजून घ्या. उपचार फसला म्हणजे हलगर्जीपणा झाला असं आयोग धरत नाही. साधारण कौशल्याच्या डॉक्टरनं जी काळजी घेतली असती ती घेतली का, हे पाहतात. इम्प्लांट काही वेळा उत्तम डॉक्टरच्या हातूनही सैल होतो. आमच्या बाजूनं जड पडलं ते हे की धोके आधी सांगितल्याचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता आणि आईची मधुमेहाची औषधं चालू असल्याची नोंदही नव्हती. नोटीस गेल्यावर त्यांनी पैसे परत करायची तयारी दाखवली, आम्ही तडजोड केली.

नुकसानभरपाई हवी असेल तर आयोग. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर मुंबईची महाराष्ट्र राज्य दंत परिषद. ती पैसे मिळवून देत नाही, पण ताकीद देऊ शकते, नोंदणी रद्द करू शकते. दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं.


कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. वर सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज दिला. अर्जात एवढंच लिहिलं: "माझ्यावर आपल्या दवाखान्यात झालेल्या दंतोपचाराचे केसपेपर, सर्व एक्स-रे व पावतीची प्रत मिळावी. कोणत्या क्रमांकाच्या दातावर काय उपचार केले हे लेखी कळवावे." खाली आत्यांनी स्वतः सही केली. पोच मागितल्यावर मुलगी आत गेली, डॉक्टर बाहेर आले, आवाज बराच मऊ झाला होता. एक्स-रे मिळाले.

ते घेऊन कॉलेजच्या ओपीडीत गेलो. तिथल्या मॅडमनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ४६ मध्ये कीड गाभ्यात घुसलेली, रूट कॅनॉल हवंच होतं. ४७ मध्येही अगदी जवळ पोचलेली, तिथं दोन मतं होऊ शकतात म्हणाल्या. ४५ मध्ये मात्र वरच्या थरातली छोटी कीड. ती फिलिंगवर भागली असती असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. तिन्ही दात आता तिथंच पुरे करतोय. ४५ बद्दल दंत परिषदेकडे तक्रार पाठवणार आहे. दवाखान्यानं त्या दाताचे पैसे परत देऊ केलेत, पण दाताच्या आतला जिवंत भाग गेला तो गेलाच.

आणखी एक. मॅडमनी दातांआधी आत्यांचे गाल आतून बोटानं चाचपले, जीभ बाहेर काढायला लावून दोन्ही कडा पाहिल्या, ओठ उलटून पाहिला. खालच्या ओठाच्या आत, आत्या जिथं मिशरी धरतात तिथं, पांढरट खरखरीत चट्टा निघाला. पहिल्या दवाखान्यात याबद्दल एक अक्षर बोललं नव्हतं. पैशाचे दात दिसले, हे दिसलं नाही.


दंतवैद्य कराड

चट्ट्याचं गांभीर्यानं घ्या ताई. मिशरी आजपासून बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा. तोपर्यंत गेला नाही तर तुकडा काढून तपासावा लागेल. बहुतेक चट्टे कॅन्सरचे नसतात, पण काहींचा पुढे होतो, आणि वेळेत पाहिलं तर आवरता येतं. आपल्याकडे मावा, गुटखा, मिशरी घराघरात आहे. दाढ दाखवायला आलेल्या माणसाचं अख्खं तोंड बघणं ही आमची जबाबदारी आहे. त्याचे वेगळे पैसे नसतात म्हणून ती टाळायची नसते.


नाव नको

वाचत होतो, लिहू की नको ठरत नव्हतं. माझ्या भावाला एचआयव्ही आहे. औषधं नियमित घेतो, कामाला जातो. अक्कलदाढ सुजली म्हणून मिरजेत एका ठिकाणी नेलं. फॉर्मवर आजार विचारला होता, त्यानं खरं लिहिलं. अर्धा तास बसवून "मशीन बिघडलंय" सांगितलं. आमच्या मागून आलेल्या बाईंना मात्र आत घेतलं. दुसऱ्या ठिकाणी थेट सांगितलं की असे पेशंट घेत नाही. आता तो म्हणतो पुढच्या वेळी लिहिणारच नाही. त्याला काय सांगू?


कृष्णाकाठची

वाचून फार वाईट वाटलं, दादा. त्याचं काहीच चुकलं नाही.


दंतवैद्य कराड

दादा, लिहिलंत हे बरं केलंत.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं त्यात सरळ मनाई केलेलं आहे, खासगी दवाखान्यालासुद्धा. पेशंटच्या मर्जीविना त्याचा आजार दुसऱ्याला सांगणंही मना आहे. तक्रारीसाठी राज्यानं लोकपाल नेमायची तरतूद आहे.

"मशीन बिघडलं" म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी एकच विचारेन: बाकीच्या पेशंटना कोणता आजार आहे हे तुम्हाला माहीत असतं का? कित्येकांना स्वतःलाच माहीत नसतं. म्हणूनच प्रत्येक पेशंट सारखा समजून काम करायचं असतं. नवे ग्लोव्हज, नवी सुई आणि १२१ अंशांवर १५ मिनिटं दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेली हत्यारं, पाकीट पेशंटसमोर फोडून. हे पाळणाऱ्या दवाखान्याला एचआयव्हीच्या पेशंटसाठी वेगळं काही करावं लागत नाही. जो त्याला घाबरतो, त्याच्याकडे बाकीच्यांनीही जाऊ नये.

भावाला सांगा, लपवू नको. आम्हाला औषधं कळली तर आम्ही लिहून देतो त्या गोळ्या त्यांच्याशी जुळतात का हे बघता येतं. एआरटी सेंटरच्या (जिथून एचआयव्हीची औषधं मिळतात) डॉक्टरांकडून औषधांची आणि शेवटच्या तपासण्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा. ज्या दोन ठिकाणी नकार मिळाला तिथली तारीख, वेळ आणि कोण काय बोललं ते आजच लिहून ठेवा. तक्रार करायची की नाही हे तो नंतर ठरवेल.

पण सूज असताना थांबू नका. तोंड उघडायला त्रास, गिळताना दुखणं किंवा ताप, यातलं काही असेल तर आज रात्रीच मिरजेच्या सिव्हिलला न्या. नसेल तर मला इथं व्यक्तिगत निरोप पाठवा. कराडला येणार असाल तर उद्या सकाळची पहिली वेळ मोकळी ठेवतो.


नाव नको

ताप नाही, तोंड निम्मं उघडतंय. तेवढं उघडत असेल तरी सिव्हिल?


दंतवैद्य कराड

हो. निम्मंच उघडत असेल तर उद्याची वाट बघू नका, आज सिव्हिलला जा. तिथून काय सांगतात ते कळवा, दाढ काढायचं मग बघू.